मदत हवी आहे : गावच्या विहिरीचे पाणी राखण्यासाठी ग्रामसभेचा ठराव कसा करावा?

सप्रेम नमस्कार.

आमचे गाव सोलापूर जिल्ह्यात आहे. पिण्याच्या पाण्याची सार्वजनिक विहीर फेब्रुवारीतच तळ गाठू लागली आहे, कारण तिच्या भोवतालच्या शिवारात ऊस आणि द्राक्षांसाठी पाचशे-सहाशे फुटांच्या कूपनलिका झाल्या आहेत. काळ्या पाषाणात पाणी भेगांमधून सावकाश मुरते. त्यामुळे एवढ्या खोलवरून उपसलेले पाणी एका पावसाळ्यात भरून निघत नाही.

दुसरी चिंता शुद्धतेची आहे. यंदाच्या तपासणीत नायट्रेट (शेण, सांडपाणी आणि खतांतून पाण्यात उतरणारा क्षार) लिटरला 68 मिलिग्रॅम आढळले. मर्यादा 45 ची आहे. विहिरीपासून जेमतेम वीस पावलांवर उकिरडा आहे आणि पहिल्या पावसात त्याचा तपकिरी ओघळ थेट कठड्यापर्यंत येतो, हे मी स्वतः पाहिले आहे. तान्ह्या बाळांसाठी हे पाणी धोक्याचे आहे, म्हणून मन लागत नाही.

अहिल्यानगर (अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाने पावसाच्या नोंदीवरून पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवली आणि शेतीसाठी कूपनलिका बंद ठेवल्या, हे आम्ही ग्रामसभेत सांगितले. 2009 च्या राज्य भूजल अधिनियमात 60 मीटरपेक्षा (सुमारे 200 फुटांपेक्षा) खोल विहिरींवर निर्बंध आहेत, हेही सांगितले. तरीही ज्यांनी कर्ज काढून कूपनलिका घेतली, त्यांना नुसता कायदा दाखवणे मला न्याय्य वाटत नाही.

आपल्यापैकी कोणाच्या गावात असा ठराव प्रत्यक्षात पाळला जात असेल, तर त्याचा मसुदा आणि कर्जदार शेतकऱ्यांची समजूत कशी घातली, हे कृपया कळवावे. उकिरडा हलवण्यासाठी जागा कशी मिळवली, हेही सांगावे.