मदत हवी आहे: एल्डन रिंग व्हिडिओ गेम, लेव्हल ४८, पॉइंट सगळीकडे विखुरलेत आणि लार्व्हल टिअर एकच

सिडकोकर:
नमस्कार मंडळी. सातपूरहून दुसरी पाळी करून घरी पोचेपर्यंत बारा वाजतात. जेवण झालं की तासभर एल्डन रिंग. दिवसातला तेवढाच वेळ माझा, त्यामुळे तो फुकट गेला की जिवाला लागतं.

सामुराई हे पात्र घेऊन सुरुवात केली. आज त्याच्या गुणांचे आकडे असे: व्हिगर (जीव) १८, माइंड (जादूची शक्ती) १४, एंड्युरन्स (दम) १८, स्ट्रेंग्थ (ताकद) २०, डेक्स (चपळाई) २०, इंट (बुद्धी) १६, फेथ (श्रद्धा) १३, आर्केन ८. क्लेमोर ही मोठी तलवार आवडली म्हणून स्ट्रेंग्थ वाढवली, जखम भरणाऱ्या मंत्रासाठी फेथ, मग मूनव्हेल ही जादूची तलवार हाती लागल्यावर इंट. तिला इंट २३ लागतो, म्हणून ती अजून नुसती पडून आहे.

दहा दिवस राडान या बलाढ्य शत्रूपाशी अडकलोय. मैदानात उतरलं की लांबून त्याचे बाण सुरू. टॉरेंट या घोड्यावर बसून पहिला चुकवतो, दुसरा लागला की खेळ खलास. जवळ पोचलोच तर +३ पर्यंत घडवलेल्या उचिगताना तलवारीच्या पाच वारांनी त्याची पट्टी जेमतेम हलते.

रेनाला या शत्रूला हरवलंय, म्हणजे तिला एक लार्व्हल टिअर देऊन पॉइंट नव्याने वाटता येतील. भाचा म्हणतो, "मामा, सगळे इंटमध्ये टाक." पण उचिगतानावर पहिल्या दिवसापासून जीव आहे. काय करू? टिअर वाया घालवायचा नाहीये.

पंचवटीकर:
भाऊ, आधी व्हिगर बघा. २५ ला एचपी (जीवाची पट्टी) ८०० होतो आणि ४० ला १४५०. म्हणजे मधल्या १५ पॉइंटांत साडेसहाशेची भर. पुढे ६० पर्यंतच्या २० पॉइंटांत फक्त ४५० मिळतात. तुम्ही अजून पंचविशीच्याही खाली आहात, बाण सहन होणार कसा?

उचिगताना ठेवायची तर याच लेव्हलला व्हिगर ३५, माइंड ११, एंड्युरन्स १६, स्ट्रेंग्थ १२, डेक्स २८. इंट, फेथ, आर्केन सामुराईच्या मूळ आकड्यावर, त्याखाली रेनाला नेऊच देत नाही. मूनव्हेल हवी तर इंट २३, डेक्स १८, स्ट्रेंग्थ १२, माइंड १५, एंड्युरन्स १४ आणि उरलेले सगळे, म्हणजे २९, व्हिगरला. तिची जादूची लाट फेकायला एफपी (जादूची शक्ती) जातो, म्हणून माइंड फार कापू नका.

उपनगरवाला:
टिअर आत्ता खर्चूच नका. अठ्ठेचाळिसाव्या लेव्हलला +३ तलवार हेच खरं दुखणं आहे. +६ करायला दुसऱ्या नंबरचे १२ स्मिथिंग स्टोन (तलवार घडवायचे दगड) लागतात. राया लुकारिया क्रिस्टल टनेलमध्ये क्रिस्टलियन या शत्रूला मारलं की बेल बेअरिंग मिळतं. ते राउंडटेबलमधल्या ट्विन मेडन हस्क्स या दुकानदारणींना दिलंत की हे दगड रून्स (गेममधले पैसे) मोजून विकत मिळतात. आणि राडानच्या मैदानात सोनेरी खुणा दिसतात ना, त्या सगळ्या दाबा. अलेक्झांडर, ब्लाइड असे सोबती लढायला येतात, मग बाण एकट्या तुमच्यावर येत नाहीत.

सिडकोकर:
दोघांचेही मनापासून आभार. खुणा मी एकदाही दाबल्या नव्हत्या, मला त्या नुसत्या सजावट वाटल्या. आज आधी टनेल. तलवार +६ झाली की येणारी प्रत्येक लेव्हल व्हिगरला, आणि त्यावरही जमलं नाही तर पंचवटीकरांचा उचिगतानाचा हिशोब घेऊन रेनालाकडे. एक राहिलं: क्लेमोर आता विकली तर चालेल ना?

पंचवटीकर:
विकू नका, पेटीत ठेवा. पुढे स्ट्रेंग्थवर खेळावंसं वाटलं तर दोन्ही हातांत धरा, स्ट्रेंग्थ दीडपट धरली जाते.