मदत हवी आहे: अंदाज खरा ठरला, तरी 'कळलं नव्हतं' हे कथेत कसं दाखवू?

ठाण्यातल्या येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी, उपवन तलावाकाठी घडणारी कथा लिहितेय. जानेवारीची पहाट. नायिकेला डोंगरावर धूर दिसतो, ती वनखात्याला फोन करते आणि तिथे खरोखर आग सापडते. पण तिला दिसलं ते धुकं होतं. आग पलीकडच्या उतारावर नुकतीच पेटलेली, धूर अजून निघालाच नव्हता. मग आग लागल्याचं तिला 'माहीत' होतं का?

कल्पनेचं मूळ आठव्या शतकातल्या धर्मोत्तर या बौद्ध तत्त्वज्ञाकडे आहे. मांस भाजायला पेटवलेला विस्तव, धूर नाही, पण वर जमलेले किडे धुरासारखे दिसतात, आणि लांबून पाहणारा त्यावरून 'तिथे आग आहे' असं बरोबर ताडतो. पाश्चात्त्यांकडे याच जातीचा पेच एडमंड गेटियर या अमेरिकी तत्त्वज्ञाने १९६३ साली जेमतेम तीन पानांत मांडला. (दोरीवर साप भासण्याचं उदाहरण इथे चालणार नाही, तिथे समजूतच खोटी असते, इथे ती खरी आहे. मला नेमकं तेच हवंय.)

पहिला खर्डा सर्वज्ञ निवेदकाचा होता, त्याचं व्याख्यान झालं. दुसऱ्यात धुक्याचं सत्य शेवटच्या परिच्छेदात उघड केलं, तर वाचणाऱ्या दोघींना तो निव्वळ योगायोग वाटला. प्रश्न त्यांच्यापर्यंत पोहोचलाच नाही, याची फार रुखरुख लागलीय.

मर्यादा दोन हजार शब्दांची. 'प्रमा' (खरं ज्ञान), 'हेत्वाभास' (फसवं कारण) असे शास्त्रीय शब्द पात्रांच्या तोंडी नकोत. नायिकेला सत्य शेवटपर्यंत कळता कामा नये.

अशा वेळी ते धुकं होतं हे वाचकाला फोनच्या आधी कळू द्यावं की नंतर, आणि कोणाच्या नजरेतून?