अस्थिरोग वॉर्डातील परिचारिकांचे प्रमाण

हाडांचे रुग्ण एरवी धडधाकट असतात, त्यामुळे एका सिस्टरकडे दहा खाटा दिल्या तरी निभावते, हे येथे मांडले गेलेले मत मला पटत नाही. पुण्यात काय किंवा अन्यत्र काय, खुब्याचे हाड मोडून येणारे बहुतेक रुग्ण वयस्कर असतात आणि मधुमेह, रक्तदाब सोबत घेऊनच येतात. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या रात्री पायाची बोटे हलतात का, गार पडली आहेत का, ड्रेनमध्ये (जखमेतले रक्त बाहेर काढणाऱ्या नळीच्या पिशवीत) रक्त किती साठले, हे पुन्हा पुन्हा पाहावे लागते. कूस बदलायला तर दोघी लागतात, म्हणजे तेवढा वेळ उरलेला वॉर्ड वाऱ्यावर. कॅलिफोर्नियात २००५ पासून अशा वॉर्डांत एका परिचारिकेमागे जास्तीत जास्त पाच रुग्ण, असे कायदेशीर बंधन आहे. मावशी-मामांना, म्हणजे वॉर्डातल्या अप्रशिक्षित मदतनिसांना, मात्र या गणतीत कृपया धरू नये, कारण प्लास्टरखाली वाढत जाणारी, औषधालाही न जुमानणारी वेदना ही कंपार्टमेंट सिंड्रोमची (सूज आल्याने स्नायूंतला दाब वाढून रक्तपुरवठा तुटण्याची) खूण असू शकते, हे ओळखायला प्रशिक्षित नजरच लागते.