गार्टर सापाला फक्त मासे देऊन चालेल का?

ओंटारियोकर:
ईस्टर्न गार्टर आहे, ब्रीडरकडून घेतलेला, साधारण ३५ सेंमी. पेट शॉपमध्ये जिवंत 'रोझी रेड' आणि छोटे गोल्डफिश द्यायला सांगितलं. ते तो झडप घालून खातो, पण उंदराच्या पिल्लाला तोंडही लावत नाही. नुसत्या माशांवर वाढेल का? आणि गांडुळं कुठली द्यायची?

पाणदिवड:
हे दोन्ही मासे आजच बंद करा. गोल्डफिश आणि रोझी रेड (म्हणजे फॅटहेड मिनोच, फक्त रंग वेगळा) या दोन्हींत थायमिनेज असतं. हे एन्झाइम बी-१ जीवनसत्त्व मोडून टाकतं. एखाद्या वेळी खाल्ल्याने काही होत नाही, म्हणूनच लोक फसतात. महिनोन् महिने तेच खाणं चाललं की मज्जासंस्थेवर परिणाम होतो. साप डोकं वाकडं धरतो, शरीराला पीळ पडतो, भक्ष्यावरचा नेम चुकतो. उलटा केला तर त्याला लगेच सरळ होता येत नाही आणि शेवटी झटके येतात. यातलं काही दिसलं तर सरपटणारे प्राणी बघणारा व्हेट गाठा. बी-१ ची इंजेक्शनं वेळेवर मिळाली तर साप सुधारू शकतो. घरी गोळ्या कुटून अंदाजाने देऊ नका.

फ्रीझ केल्याने थायमिनेज जात नाही, हे लक्षात ठेवा. उलट, गोठवलेल्या माशात साठवणीच्या काळातही त्याचं काम हळूहळू चालूच राहतं. ८० अंशांवर पाच मिनिटं शिजवलं तर ते नष्ट होतं, पण त्यात माशातलं थोडं बी-१ ही जातं. त्यापेक्षा मासाच बदला: गप्पी, प्लॅटी, मॉली, ट्राउट, सॅमन, तिलापिया. स्मेल्ट मात्र नको, त्यातही थायमिनेज असतं.

खापरखवल्या:
वरच्याला अनुमोदन. फक्त फिले (काटे काढलेला मांसाचा तुकडा) आणि अख्खा मासा यात फरक करा. गप्पी अख्खा जातो, म्हणजे हाडांतून कॅल्शियम मिळतं. सॅमनच्या फिलेत फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम जवळजवळ नाही. तुकड्यांवर डी-३ जीवनसत्त्व नसलेल्या कॅल्शियम कार्बोनेटची अगदी चिमूटभर पूड लावा. तुकडा सापाच्या सर्वांत जाड भागापेक्षा रुंद नको, आणि काटे बोटाने चाचपून काढा. सुटा काटा घशात किंवा आतड्यात रुततो.

मासा साधाच हवा. मीठ, मसाला, धुरी, ब्रेडक्रम्ब काही नको. देशी दुकानातला फ्रोझन 'रावस' पाकिटावर 'इंडियन सॅमन' म्हणून विकतात, पण तो सॅमन नव्हे, वेगळ्याच कुळातला मासा आहे. सॅमनच्या भरवशावर तो घेऊ नका. सुके बोंबील, जवळा तर विचारूच नका.

परजीवींसाठी उणे २० अंशांना सात दिवस गोठवायची शिफारस असते. घरचा फ्रीझर बहुतेक उणे १८ च्या आसपास असतो, म्हणून महिनाभर ठेवलेला बरा. मग फ्रीजमध्ये वितळवून खोलीच्या तापमानाला आणा. मायक्रोवेव्ह नको, आतून शिजतो.

ओंटारियोकर:
धन्यवाद, दोन्ही मासे बंद. बेट शॉपमध्ये (मासेमारीचं आमिष विकणाऱ्या दुकानात) गांडुळांचे डबे मिळतात, ते चालतील?

पाणदिवड:
डब्यावर काय लिहिलंय ते वाचा. 'कॅनेडियन नाइटक्रॉलर' (मोठी गांडुळं) चालतात. 'रेड विगलर' नाही. ही खतातली लालसर गांडुळं डिवचली की पिवळा, उग्र वासाचा स्राव सोडतात. साप ती उलटून टाकतो, आणि लहान सापाच्या जिवावरही बेतू शकतं. रंग दिलेली हिरवी गांडुळंही नकोत. खत किंवा औषध मारलेल्या लॉनमधलीही नकोत.

देण्याआधी स्वच्छ पाण्याने धुऊन माती काढा, मग कात्रीने दोन-तीन सेंमीचे तुकडे करा. अख्खं नाइटक्रॉलर या आकाराच्या सापाला मोठं होतं. गांडुळांतही कॅल्शियम कमी, तेव्हा इथेही पूड.

बेडूक मात्र पकडून आणू नका, जंगलात तो ते खात असला तरी. परजीवींचा धोका नको.

खापरखवल्या:
माझं मत थोडं कडक आहे. मासे-गांडुळं ही चव बदलायला, मुख्य अन्न उंदराचं पिल्लूच. ते अख्खं प्राणी-अन्न असल्याने पूरक पुड्यांची गरज कमी पडते. न खाण्याचं कारण फक्त वास. गोठवलेलं पिंकी (उंदराचं नवजात, बिनकेसाचं पिल्लू) वितळवा, कोमट पाण्यात ३५ ते ३८ अंशांपर्यंत गरम करा, कोरडं करा आणि सॅमनच्या कापलेल्या बाजूवर नीट घासा. नाही जमलं तर पिंकीचे छोटे तुकडे गांडुळाच्या तुकड्यांत मिसळून एका उथळ ताटलीत ठेवा. आधी गांडूळ जास्त, मग दर खेपेला कमी. जिवंत उंदीर कधीच देऊ नका, चावतो.

पाणदिवड:
नुसत्या पिंकीवर ठेवू नका, प्रौढ गार्टर लठ्ठ होतात. या वयाला आठवड्यातून दोनदा: एकदा मासा किंवा गांडूळ, एकदा पिंकी (किंवा तुकडा). मोठा झाल्यावर पिंकी आठवड्यातून एकदा पुरे. पोट किंचित फुगलेलं दिसावं, दगडासारखं नको.

उबदार टोकाला २८ ते ३० अंश हवेत. थंडीत पचत नाही आणि अन्न उलटतं. उलटलं तर आठवडाभर काही देऊ नका, फक्त पाणी. खाल्ल्यावर दोन दिवस हाताळणी बंद. डोळे दुधाळ झाले असतील, म्हणजे कात टाकायची वेळ, तेव्हा खाल्लं नाही तरी काळजी नको.

दुसरा साप आणणार असाल तर वेगवेगळ्या डब्यांत खायला घाला. दोघांनी एकाच गांडुळाची दोन टोकं धरली की एक दुसऱ्याला गिळायला लागतो.

ओंटारियोकर:
ट्राउट घेतला, सॅमनपेक्षा स्वस्त पडला. कातडी काढू का?

खापरखवल्या:
राहू द्या, फक्त खवले खरवडा.