आजी-आजोबांसाठी केलेली दालचिनीची बिस्किटं – तुमचेही अनुभव लिहा

विश्रामबागची_मी
काल चटणी कांडायला डंकावर गेले होते. माझ्या पुढच्या बाईंनी भाजलेल्या मसाल्याचा डबा उघडला, दालचिनीचा वास आला आणि मला ऑगस्ट 2019चा सांगलीचा महापूर आठवला.

आजोबा गावभागातले. पाणी चढायला लागल्यावर बाबांनी त्यांना जवळजवळ उचलूनच आमच्याकडे आणलं. औषधं आली, चष्मा आला, पेन्शनचं पुस्तक आलं. कवळी तिकडंच वाटीत राहिली! कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची 45 फुटांची धोक्याची पातळी केव्हाच मागं पडली होती, पुढं 57च्या वर गेलं. आजोबांचं दर तासाला एकच, "किती फूट?"

दूध नाही, बेकरी बंद, आणि ह्यांना चहाबरोबर खारी पाहिजेच. घरात मैदा नि तूप होतं. लाईट नव्हती, पण गॅस होता. कुकरच्या तळाला मीठ पसरलं, शिट्टी आणि रिंग काढली. थिजलेलं तूप 1 वाटी, पिठीसाखर 1 वाटी, पांढरं होईस्तोवर फेसलं, त्यात 2 वाट्या मैदा आणि चमचाभर दालचिनी पूड. पहिला घाणा खालून कोळसा. दुसरा जमला. आजोबांनी कोऱ्या चहात बुडवलं, ते विरघळून तळाला गेलं. चमच्यानं काढून खाल्लं आणि म्हणाले, "वास चांगलाय. पण ही खारी नव्हं."

आता त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. तुम्ही केलंय का कुणी असं काही? लिहा.

ताकभात
कवळी सापडली का ते आधी सांगा 😄

बोगद्यापलीकडचा
आमच्या साताऱ्यात दिवाळीच्या आधी रवा-मैदा-साखर-डालडा डब्यात भरून बेकरीत न्यायचं, तिथं नंबर लावायचा. एका वर्षी मी आजीला आवडते म्हणून पिठात गुपचूप दालचिनी मिसळली. भट्टीवाले मामा ट्रे बाहेर काढतानाच खेकसले, "कुणाचं हाय हे? सगळ्यांच्या नानकटाईला मसालेभाताचा वास!" आई माझ्याकडं बघायलाच तयार नाही. आजीनं मात्र पुढं होऊन सांगितलं, "माझं हाय." तिला काही माहीतच नव्हतं.

ओली_हळद
बोगद्यापलीकडचा, मसालेभात 🤣🤣
आमच्याकडं पण डबे जायचे. घरी येईपर्यंत अर्धा डबा रिकामा.

मिक्सरची_मालकीण
दालचिनी बघून घ्या गं. वाण्याकडं मिळते ती जाड, कडक साल बहुतेक कॅशिया असते. माझ्या मिक्सरचं पातं गेलं तिच्यापायी. खरी सिलोनची पातळ, पापुद्र्या-पापुद्र्यांची, बोटानं चुरते. कॅशियात कुमारिन नावाचं द्रव्य जास्त असतं, रोज भरपूर खाल्लं तर लिव्हरला चांगलं नाही. बिस्किटात चिमूटभर चालतं हो, घाबरू नका. पातं 350ला पडलं.

नवीनसून
ओटीजीत किती वेळ ठेवायची? माझी दगड होतात

मिक्सरची_मालकीण
170वर 12-15 मिनिटं. कडा रंगल्या की काढ. मऊ लागली म्हणून परत आत ढकलू नकोस, गार झाल्यावर कडक होतात.

नवीनसून
मी तेच करत होते 🙈

रात्रपाळी
आमच्या आजीला शुगर. तिच्यासाठी गूळ घालून केली. आई म्हणाली गुळानंही शुगर वाढतेच, एकच द्या. एकच दिलं. पहाटे ड्यूटीवरून आलो तर आजी अंधारात डब्याशी. म्हणाली, "मुंग्या लागल्यात का बघत होते." पदरावर हा चुरा.

हरभटरोड
2019चं नाव काढू नका. आमच्या दुकानात चिखल काढून काढून फावडं तुटलं. बिस्किटांचा अनुभव नाही, पण वाचून आजोबा आठवले. ते पण फूट विचारायचे.

विश्रामबागची_मी
हरभटरोड, 🙏 आमच्या अख्ख्या गल्लीचं तेच.
ताकभात, सापडली! वाटीत गाळ भरलेला, त्यात कवळी. तीनदा उकळून दिली तरी तोंडात घालेनात. "कृष्णामाईनं वापरलीय," म्हणाले. नवीन केली. पण बिस्किट शेवटपर्यंत बुडवूनच खाल्लं, चमचा आधी मागून घ्यायचे.

नवीनसून
कुकरमधलं मीठ नंतर भाजीला चालतं का?

ओली_हळद
नको गं. बरणीत भरून ठेव, पुढच्या घाण्याला तेच.