इंग्रजी व्याकरणातलं डायरेक्ट-इनडायरेक्ट (दुसऱ्याचं बोलणं जसंच्या तसं देणं किंवा आपल्या वाक्यात सांगणं) परीक्षेतून हद्दपार करावं का?

बोरूबहाद्दर: माझं मत, करावं. सुटं वाक्य द्यायचं, अवतरणचिन्हं काढून 'दॅट' घालायचा, काळ एक पायरी मागे न्यायचा, 'टुमॉरो'चं 'द नेक्स्ट डे' करायचं. पोरं तक्ता घोकतात आणि गुण मिळवतात. तक्ताही अर्धवट. साहेब सकाळी 'आय विल कम टुमॉरो' म्हणाले आणि मी दुपारीच निरोप दिला, तर 'टुमॉरो'ला हात लावायचं कारणच नाही. 'ही सेड ही इज इल' हेही, माणूस अजून आजारी असेल तर, चालतं. वर्गात मात्र लाल फुली. काळ न बदलण्याचा अपवाद म्हणून फक्त 'पृथ्वी सूर्याभोवती फिरते' असलं कायमचं सत्य.

सातारच्या बाई: तक्ता अर्धवट, कबूल. पण आपली पोरं अडतात कुठे ते बघा. मराठीत 'तो म्हणाला की मी येणार नाही' हे बिनदिक्कत चालतं; न येणारा 'तो'च. पोर तसंच उचलतं: 'ही सेड दॅट आय विल नॉट कम.' झालं, आता येणार नाही ते पोरच! हे नुसतं ऐकून सुटत नाही, घटवून घ्यावंच लागतं.

बोरूबहाद्दर: मग सर्वनामं घटवा की! 'अलास'चं 'एक्सक्लेम्ड विथ सॉरो' कशाला? असं कोण बोलतं हो?

रात्रपाळी: वर्तमानपत्राच्या डेस्कवर आहे, म्हणून बाईंच्या बाजूने. एजन्सीची बातमी येते, 'द मिनिस्टर सेड ही वुड नॉट कंटेस्ट'. नवखा उपसंपादक लिहितो, 'मंत्री म्हणाले, ते लढले नसते'. अहो, तो 'वुड' म्हणजे मागे सरकलेला 'विल'. मंत्री म्हणाले, 'मी लढणार नाही'. मूळ बोल काय असतील हे ज्याला उलटं काढता येत नाही, तो बातमीचा पार विचका करतो. माझं म्हणणं, इनडायरेक्टचं डायरेक्ट करायला जास्त लावा. 'रमेश टोल्ड सुरेश दॅट ही हॅड फेल्ड'. नापास कोण? द्या फळ्यावर आणि मजा बघा.

क्लासवाला: चर्चा छान आहे, पण स्टाफ सिलेक्शनच्या सीजीएलच्या, म्हणजे पदवीधरांसाठीच्या केंद्र सरकारी नोकरभरती परीक्षेच्या, अभ्यासक्रमात हा घटक नावानिशी आहे. दहावीतून काढलात तर पोरं पुढे फी भरून माझ्याकडेच येतील. माझी हरकत नाही 😄

बोरूबहाद्दर: रात्रपाळी, तुमच्या रमेश-सुरेशने माझंच म्हणणं पुढे नेलं. सुट्या वाक्यात त्याचं उत्तरच नाही, आगापीछा लागतो. कोण, कुणाला, कधी बोललं ते देऊन चार ओळींचा निरोप लिहायला सांगा. तसा प्रश्न आला तर मी विरोध मागे घेतो.

सातारच्या बाई: प्रश्न आवडला. आता वर्गातले साठ निरोप, प्रत्येकाचा 'ही' वेगळा, ते तपासायला कधी येताय तेवढं कळवा.