पांजरपोळ राहून गेला

मुंबईचे पारशी व्यापारी सर जमशेटजी जीजीभॉय यांचा दानधर्म म्हणजे निव्वळ इंग्रजांकडून किताब मिळवायची खटपट, असं मत काही जण मांडतात; ते मला पटत नाही. अफूच्या व्यापारातून पैसा आला हे खरंच आहे, ते झाकू नये. पण भुलेश्वरच्या पांजरपोळाचं, म्हणजे मोकाट नि निराधार जनावरांच्या आसऱ्याचं, नाव असं म्हणणारं कुणीच घेत नाही. पारशी धर्मात कुत्रा पवित्र. मुंबईत भटकी कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेवरून १८३२ साली पारशी चिडले, दंगल झाली. पुढे १८३४ मध्ये जमशेटजींनी अमीचंद शहांबरोबर हा पांजरपोळ काढला. मुक्या जनावरांकडून कसला किताब मिळणार होता?

आणि पत्नी आवाबाईंना विसरू नका. माहीम आणि वांद्रे जोडणाऱ्या कॉजवेला (खाडीवरच्या रस्त्याला) कंपनी सरकारने पैसे नाकारले, तेव्हा दीड लाखाहून जास्त रुपये त्यांनीच दिले.